पेटी आवाजावर चढली

आमच्या अड्याळकडे जागेश्वर मास्तरांचं नाव निघालं की लोक पेटीबद्दल नंतर बोलतात, आधी त्यांच्या न्यायीपणाबद्दल बोलतात. ‘लय न्यायी माणूस गा,’ असं म्हणून मान डोलावतात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी त्यांच्या बाजूला बसून तबला वाजवण्यात उमर घालवली. त्या न्यायीपणाने या माणसाला आतून किती खाल्लं, ते मी जवळून पाहिलं आहे.

मास्तरांचं घर धानाचं. गाण्याबजावण्याशी कोणाचा काही संबंध नव्हता. एका नाटक कंपनीचा पायपेटी वाजवणारा वादक आजारी पडून त्यांच्याकडे पावसाळाभर राहिला. त्याची सेवा करता करता जागेश्वर शिकला. बाप रोवणीला हाका मारायचा आणि हा घरात पायाने भाता हलवत बसलेला असायचा. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, सुरू झाल्या की गावोगाव रात्रभर नाटकं होत. पुढे वीस-बावीस वर्षं त्या नाटकांच्या मंचासमोर पायपेटीवर मास्तर आणि तबल्यावर मी. गाता गाता एखादा नट सूर सोडून भलतीकडे गेला, तर मास्तर असे काही त्याच्या मागे जात की चूक नटाला कळत नसे आणि लोकांनाही कळत नसे. दुसऱ्याची चूक झाकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

नाटकं नसली की ते शिकवत. पद्धत मोठी खडूस होती. आधी नुसता भाता हलवायचा, पट्टीला बोट लावायचं नाही. हवा सारखी यायला लागली की मग सूर. सिनेमाची गाणी वाजवायला आलेली पोरं आठवडाभरात पळून जायची. मास्तर खुशाल जाऊ द्यायचे. मी एकदा म्हणालो, “असं केलं तर तुमच्याजवळ एकही चेला राहणार नाही.” त्यावर ते म्हणाले, “राहील तो कामाचा राहील.”

राहिली ती कुंताबाई. लाखांदूरच्या बाजूच्या एका खेड्यात दिलेली, दोन मुलांची आई. त्या गावात बायांचं भजनमंडळ होतं, पण पेटी वाजवायला पुरुष लागे, आणि तो ऐन रोवणीत, ऐन कापणीत हमखास दांडी मारायचा. कुंताबाईने सरळ मास्तरांना निरोप धाडला, ‘मलेच शिकवा.’ सत्तर सालच्या आसपास आमच्याकडे बाईने पेटीला हात लावणं म्हणजे गावभर चर्चा. सासरे मारोतराव बिगडले होते, पण देवाचं काम म्हणून गप्प राहिले. मास्तर दर बुधवारी एसटीने जात, सोबत तबला घेऊन मी, आणि देवळाच्या ओसरीवर शिकवत. भाता हलवायचा महिना तिने हू की चू न करता काढला. पुढे तिची बोटं अशी चालायला लागली की मास्तर शिकवायचं सोडून ऐकत बसत. परतीच्या गाडीत मला म्हणत, “हे पोरगी माह्यापेक्षा चांगली वाजवंल.” मला थोडी जळजळ व्हायची, खोटं कशाला बोलू. माझ्या तबल्याला ते असं कधी म्हणाले नाहीत.

अडचण एकच होती. ज्या पेटीवर ती वाजवायची ती गावातल्या ताराचंद व्यापाऱ्याची, उसनी. त्याची पोरगी लग्नाची झाली होती, आणि पेटी तिच्यासोबत सासरी जाणार हे ठरलेलं होतं. नेमकी त्या हिवाळ्यात साकोलीला भजनस्पर्धा जाहीर झाली. पहिलं बक्षीस नवी कोरी पेटी. मारोतरावांनी सुनेला सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “जिंकून आणली तं पेटी घरात राहील, वाजव जनमभर. नाही आणली तं बस झालं. मंग घर पाह्य आन् वावर पाह्य.” म्हातारा शब्दाचा पक्का होता. कुंताबाईचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका बक्षिसावर येऊन थांबलं.

आणि स्पर्धेचे परीक्षक कोण? तिघांत एक आमचे मास्तर. मी म्हणालो होतो, नाही म्हणून टाका, तुमचीच शिष्या आहे. पण साकोलीसारख्या गावातून बोलावणं आलेलं, मान मोठा. त्यांच्याने नाही म्हणवलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी मांडवात जाताना दुसरे परीक्षक धनीरामजी हसत हसत म्हणाले, “काय मास्तर, आज पेटी तुमच्याच चेलीच्या घरी जाते वाटते?” नुसती थट्टा होती, दोघं-चौघं हसले. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते.

कुंताबाईच्या मंडळाची पाळी दुपारी आली. ती काय वाजवत होती, ते मी कसं सांगू! मांडवाबाहेर चणे विकणारा टोपली ठेवून आत येऊन उभा राहिला. बायांचे आवाज पुढे, पेटी त्यांच्या मागे, बरोबर जिथे पाहिजे तिथे. निकालाला बसले तेव्हा धनीरामजी आणि तिसरे परीक्षक, दोघंही म्हणाले, पहिला नंबर हाच. मग मास्तर बोलले. म्हणाले, “नाही. पेटी आवाजावर चढली.”

पेटी चढली नव्हती. मी तिथेच मागे बसलो होतो, आणि मलाही कान आहेत. पण ज्याने शिकवलं तोच दोष काढतो म्हटल्यावर बाकीचे दोघं काय बोलणार? बक्षीस दुसऱ्या मंडळाला गेलं. मास्तरांनी कारणही माईकवरून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या बक्षीस मिळालेल्या मंडळापेक्षा मास्तरांसाठी जास्त. समोर जमिनीवर कुंताबाई बसली होती. तिने मास्तरांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि मान हलवली, शिकवणीत हलवायची तशीच.

त्यानंतर मास्तरांचं नाव असं झालं की विचारू नका. पवनी, लाखनी, तुमसर, जिथे स्पर्धा तिथे परीक्षक जागेश्वर मास्तर. शाल, नारळ, हार. आणि प्रत्येक ठिकाणी ओळख करून देणारा तोच किस्सा सांगे, “यायनं आपल्या चेलीलेही सोडलं नाही!” मास्तर खाली बघत. लोकांना वाटे, काय विनय आहे. घरी आल्यावर ते त्या दिवशी जेवत नसत. मारोतरावांनी शब्द पाळला आणि कुंताबाईची पेटी बंद झाली, हे त्यांच्या कानावर आलेलं होतं. बुधवारी ते तिकडच्या एसटीपर्यंत जात आणि परत येत. एकदा साकोलीच्या स्टँडवर चहा पिताना एकदम म्हणाले, “मले माह्या नावाचं भेव वाटलं गा. तिचं वाजवणं मी आपल्या नावासाठी इकलं.” मी चहाचे पैसे दिले. खरंच होतं ते.

शहाऐंशी साली त्यांची बोटं थरथरायला लागली. नाटकं सुटली. मग त्यांनी ठरवलं, आपली पेटी कुंताबाईला द्यायची आणि खरं काय ते सांगून टाकायचं. मनावरचं ओझं घेऊन मरायचं नव्हतं त्यांना. मला वाटलं, उशिरा का होईना, चांगलं आहे. एसटीच्या टपावर पेटी बांधून आम्ही लाखांदूरला उतरलो आणि बैलगाडीने तिच्या गावी गेलो.

कुंताबाई अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. केस पिकले होते. मास्तरांना पाहून हरखली, पाया पडली, खाट टाकली. तिच्या पोरीला हाक मारून म्हणाली, “हे माहे मास्तरजी.” मारोतराव दोन वर्षांपूर्वी गेले होते, हे तेव्हा कळलं. मास्तरांनी पेटी तिच्यासमोर ठेवली आणि खाली बघत सगळं सांगितलं. धनीरामजींची थट्टा सांगितली. दोघांनी तिला पहिला नंबर दिला होता, हे सांगितलं. पेटी चढली नव्हती, हेही सांगितलं. शेवटी हात जोडले.

सूप तिच्या हातातच राहिलं. मग हळू आवाजात म्हणाली,

“मास्तरजी, इतके साल मी समजत होती का चूक माहीच झाली. तुमी सांगतलं म्हणजे झालीच असंल. आपल्याच हातानं गेलं म्हणून मी सासऱ्यायवर कधी चिडली नाही, कोणालेच बोल लावला नाही. वावरात राबली, निवांत झोपली.” तिने सूप खाली ठेवलं. “आता मी कोणाले बोल लावू? सासरे गेले. तुमी असे हात जोडून बसले. तुमचं तं हलकं झालं जी. हे आता मी कुठी ठेवू?”

ती उठून आत गेली. पेटीकडे तिने पाहिलंही नाही. थोड्या वेळाने पोरगी दोन कप चहा घेऊन आली, म्हणाली, “आई म्हणते, चहा घेऊन जा जी, मंग गाडी भेटनार नाही.”

कपातला चहा मास्तरांच्या धोतरावर सांडत होता. मी धरायला गेलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला. त्या घरचा चहा टाकून उठायची त्यांची हिंमत नव्हती. सगळा प्यायले.