चंदन लागलेलं माप

माझे भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

मद्रासच्या विजेच्या गाड्यांच्या तारांवर मी नोकरीला लागलो तो त्यांच्याच शब्दाने. ते थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, आणि कामावर माझे साहेब. म्हणजे दोन्हीकडे माझ्या डोक्यावर तेच. तंजावरहून आलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत जावई म्हणजे तमिळांच्या माप्पिळ्ळैपेक्षाही एक पायरी वर. ते आले की आई बसल्या जागेवरून उठायची, आणि तुपाची पहिली धार त्यांच्या पानावर. "मी चिकटवला म्हणून चिकटला," हे ते माझ्याबद्दल चारचौघांत ऐकवायचे. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. आमच्या घरी बाकीच्या नवांना कामच उरलं नव्हतं.

काम असं होतं. गाडीच्या टपावरचा दांडा तारेला घासत पळतो, त्यातून वीज मिळते, आणि तार खालून झिजत झिजत सपाट होत जाते. स्टेशनातून गाडी सुटते तिथे ठिणग्या उडतात, तिथे जास्तच. वीज बंद करून, शिडीच्या गाडीवर चढून, मायक्रोमीटरच्या, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या मापाच्या, जबड्यात तार धरायची आणि उरलेली जाडी मोजायची. ठरलेल्या मापाच्या खाली गेली की तेवढा तुकडा बदलायचा. त्या सुमाराला साध्या तांब्याच्या जागी कॅडमियम मिसळलेली तार आली होती. कडक, कमी झिजणारी. भावोजी तिचं कौतुक असं करायचे, जणू यांनीच ती ओतली. ही तुझ्या नातवाला पुरेल, म्हणायचे. मी म्हणायचो, कमी झिजते म्हणजे झिजत नाही असं नाही. त्यावर ते आक्काकडे बघून हसायचे.

त्या वर्षी आयुधपूजेला आम्ही सगळी हत्यारं देवीपुढे मांडली. रीत ठरलेली. हत्यारांना चंदन-कुंकू लावायचं, त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही, आणि विजयादशमीला पहिलं काम मुख्य माणसाच्या हाताने व्हायचं. चंदन भावोजींनीच लावलं. पान्यांना लावलं, शिडीला लावलं, आणि मायक्रोमीटरच्या जबड्यात बोट घालून आतून दोन्हीकडे फासलं. बाहेरून लावा की, असं मी म्हणालो. पूजा आता तुझ्याकडून शिकायची का, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शिडीवर आधी तेच चढले, मागून मी. पुलाखालची तार त्यांनी मोजली, ठरलेल्या मापाच्या वरचा आकडा मोठ्याने सांगितला, मी लिहून घेतला. पण तार तर नुसत्या डोळ्यांनाच चपटी दिसत होती. मी माप हातात घेऊन रिकामे जबडे मिटवले, तर आकडा शून्यावर येईना. आत वाळलेल्या चंदनाचा थर. तेवढी जाडी आम्ही तारेच्या खात्यात घातली होती. पुसून पुन्हा मोजू या, असं मी म्हटलं. खाली गँगची माणसं माना वर करून ऐकत होती, आणि तेच भावोजींना झोंबलं.

"देवीचं चंदन पुसतोस? उतर खाली."

माप त्यांनी डबीत टाकलं आणि डबी स्वतःच्या पिशवीत. नंतर मी दोनदा आठवण करून दिली. बघू, म्हणाले. यांचं ते 'बघू' मला आजही ऐकू आलं तरी माझं डोकं फिरतं.

दसऱ्यानंतर येणाऱ्या मद्रासच्या ऐन पावसाळ्यात तार तुटली. त्याच पुलाखाली, भरल्या गाडीच्या टपावर. कुणी मेलं नाही, यात आमची काही करामत नव्हती. चौकशी लागली. भावोजींनी सांगितलं, नोंद मेव्हण्याच्या अक्षरातली आहे. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! दोष माझ्यावर बसला असता तर मी सरळ घरी.

चौकशीच्या आदल्या दुपारी भावोजी आमच्याकडे जेवायला आले. आले, आणि दोनदा सांबार मागून घेतलं. आक्का खाली मान घालून वाढत होती. त्यांच्यासमोरच आईने मला समजावलं की तू एकटा जीव, दुसरी नोकरी बघशील. आक्काच्या पदरात मुलं आहेत. मापलं मीच, असं म्हणून मोकळा हो. भावोजी भात कालवत राहिले. एकदा तरी वर बघतील, म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याने मला नोंद दाखवली आणि अक्षर कुणाचं, असं विचारलं.

"अक्षर माझं," मी म्हणालो. "मोजणारा हात भावोजींचा. जबड्यात चंदन होतं, ते लावणारा हातही त्यांचाच."

साहेबांचा म्हणायला हवं होतं, पण तोंडात आलं ते घरचंच. गँगच्या माणसांना बोलावलं. त्यांनी पाहिलं होतं ते सांगितलं. भावोजींची लाइनवरची साहेबी गेली, त्यांना कुठल्याशा गोदामात बसवलं. माझी नोकरी राहिली.

संध्याकाळी घरी आलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. हातपाय धुऊन जेवायला बसलो. माझं पान मांडलेलं नव्हतं. आई चुलीपाशी बसून होती.

"खरं बोललास ना?" ती म्हणाली. "मग खऱ्यालाच सांग तुला वाढायला."

मी उठलो, स्वतः पान घेतलं, भात वाढून घेतला आणि पोटभर जेवलो. भावोजींना मी माफ केलेलं नाही. आईलाही नाही.