तिवई, कणगी, इरलं

गेल्या शनिवारी सकाळी दिल्लीच्या द्वारकामधल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी माझ्या काचेच्या कपाटाचं कुलूप उघडलं आणि माझं सगळ्यात महागडं पुस्तक बाबांच्या मांडीवर ठेवलं. माझा नवरा अमित बघतच राहिला… कारण त्या पुस्तकांना हात लावायची परवानगी त्यालाही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सायन्स फिक्शन सिनेमांच्या एका मालिकेची मी ठार वेडी आहे. ते सिनेमे बनवताना चित्रकार आधी यानं, ग्रह, प्राणी, घरं काढतात, आणि त्या चित्रांची जाडजूड पुस्तकं निघतात… ती मी जमवते.

गुडगावात मॉल नवे नवे झाले होते आणि मी कॉल सेंटरला लागले होते, तेव्हा पहिल्या पगारात पहिलं पुस्तक घेतलं. तेव्हापासून हात धुवा, पुसा, मग पान कोपऱ्याला धरून उलटा, असा कारभार. अमित लखनौचा, तो म्हणतो, "यार, इतनी सेवा तो भगवान की भी नहीं होती."

पण हे वेड लावलं बाबांनीच. बाबा फौजेत होते, मूळचे पाटणकडचे. दिल्ली कँटच्या आमच्या क्वार्टरमध्ये केबल आली आणि आम्ही दोघं मांडी ठोकून हे सिनेमे बघायला लागलो. इंग्लिश दोघांनाही धड कळायचं नाही, पण यान उडालं की बाबा मला टाळी द्यायचे.

दोन महिन्यांपूर्वी बाबांना स्ट्रोक झाला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून बाबा आमच्याकडेच असतात. ते पुन्हा कधी माझ्याशी बोलतील की नाही… मला रात्रंदिवस तेवढीच भीती.

थेरपिस्टने कार्डं दिली होती. चित्र दाखवा, नाव विचारा, चुकलं तर बरोबर शब्द सांगा आणि परत म्हणायला लावा. सफरचंद, छत्री, बस… बाबा त्या कार्डांकडे ढुंकून बघायचे नाहीत. फौजेतून रिटायर झालेल्या माणसाला बालवाडीची कार्डं कशी आवडतील हो! म्हणून शेवटी कपाट उघडलं.

पहिल्याच मोठ्या चित्रात वाळवंटात तीन पायांवर उभं राहिलेलं यान होतं. बाबा एकदम सावरून बसले. डाव्या हाताचं बोट त्यावर ठेवलं, ओठ थरथरले आणि म्हणाले, "ति… वई."

आवाज आला होता, पण हे काय भलतंच? मी म्हटलं, "नाही बाबा, यान. म्हणा, या-न."

त्यांनी जोरात नकारार्थी मान हलवली. पुढच्या पानावर वाळूतलं एक गोल बुटकं घर होतं, तिथे "कणगी" म्हणाले. त्याच्या पुढे पाठीवर कवच असलेला एक प्राणी होता, तिथे "इरलं." मी आपली प्रत्येक वेळी, नाही बाबा, घर… नाही बाबा, प्राणी…

शेवटी त्यांनी मूठ आपटली. पान चुरगळलं आणि मी, मूर्खासारखी, "अहो बाबा, पान!" म्हणून ओरडले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. नंतरचे दोन-तीन दिवस तोंडातून शब्द नाही, जेवणावर लक्ष नाही. स्ट्रोकनंतर निरर्थक शब्द येतात, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे हेच ते, असं मी धरून चालले.

थेरपिस्टला ऐकवायला मी ते सगळं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. गावी बाबांची मोठी बहीण आहे, माझी आत्या. तिला ते पाठवलं… बघ गं, बाबांचं काय झालंय. लगेच तिचा फोन आला. मला वाटलं रडेल. पण ती माझ्यावरच उखडली.

"आगं बये, बराबर बोलतुय की त्यो! तुला कळंना, तर त्येला कशाला टोकतीस?"

मग तिने एकेक शब्द उलगडून सांगितला. तिवई म्हणजे तीन पायांची घडवंची, पाण्याचा हंडा ठेवायला. कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची गोल, भलीमोठी टोपली. आणि इरलं म्हणजे भातलावणीच्या वेळी पावसात पाठीवर घ्यायचं पानांचं छप्पर.

बाबा बोलत होते… चित्र बघून, विचार करून, अगदी नेमकं बोलत होते. घरात मराठी कळणारी मी एकटी, आणि मीच त्यांना चूक ठरवत होते. आपलं बोलणं आता कायमचं बिघडलं, असंच त्यांना वाटलं असणार. फार फार वाईट वाटलं मला.

काल संध्याकाळी बाबांचा वरण-भात झाल्यावर पुस्तक घेऊन परत त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "बाबा, तुमचं बरोबर होतं. मलाच हे शब्द येत नाहीत. तुम्ही शिकवा."

त्यांनी स्वतःच पान उलटलं, वरणाच्या हाताने, आणि त्या गोल घरावर बोट ठेवलं. "कणगी."

"कनगी," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. तोंड उघडून, जीभ वर टाळ्याला लावून दाखवली. "ण… कण-गी. म्हण."

इतकी वर्षं हिंदीत राहून माझा 'ण' कधी गेला, मला कळलंच नव्हतं. मी म्हणत गेले, ते मान हलवत गेले… परत, परत. मध्येच मला रडू आलं म्हणून मी तोंड फिरवलं, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"लक्ष कुठाय तुझं?"

दोन महिन्यांनी बाबा माझ्यावर आख्खं वाक्य ओरडले. आत्या, तुझे आभार कसे मानू गं…