नंबर दिल्याशिवाय

शाळेच्या मधल्या सुट्टीत संगीताचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन आला. "लवकर निघता येतंय का बघा. झेंडी पाणीसुद्धा घेईना." शेजारी डबा आवरणाऱ्या मराठीच्या सरांनी विचारलं, "कोण आजारी आहे?" मी म्हणालो, "घरातलंच एक जण." मांजर आहे असं सांगायची लाज वाटली, हे आधीच कबूल करून टाकतो. विज्ञानाचा मास्तर मांजरासाठी अर्धी रजा टाकतो म्हटल्यावर स्टाफरूमला आठवडाभराचा विषय मिळाला असता. झेंडीला जाऊन आता सहा आठवडे झालेत. लाज बरीच कमी झाली आहे, पण त्या संध्याकाळी घरात जे झालं ते अजून माझ्या कुठल्याच हिशेबात बसत नाही... म्हणून लिहायला बसलो.

माझे वडील, अप्पा, रेल्वेत गेटमन होते. परतूरच्या बाहेर, मोंढ्याकडं कापसाच्या गाड्या यायच्या त्या रस्त्यावर त्यांचं फाटक होतं. आता तिथं लाईनीखालून रस्ता काढलाय. फाटक गेलं, गेटमनची खोली, म्हणजे गुमटी, गेली, कडुनिंब तेवढा राहिला. अप्पांच्या नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात एक करडं पिल्लू गुमटीत शिरलं आणि शेगडीजवळ जे बसलं ते उठलंच नाही. शेपूट कायम सरळ वर. अप्पा म्हणाले, "ही तर जल्मापासूनच झेंडी दाखवून राह्यली," आणि रिटायर झाले त्या दिवशी डब्याच्या पिशवीत घालून तिला घरी घेऊन आले. गाडी यायच्या आधी हिचे कान फिरतात आणि मग फोन वाजतो, असं ते सांगायचे. आम्ही त्यातलं निम्मंच धरायचो. रिटायर झाल्यावरही अप्पा रोज संध्याकाळी काठी घेऊन त्या कडुनिंबाखाली जाऊन बसायचे आणि पॅसेंजर गेली की घरी परतायचे. फाटक उरलेलं नाही, हे त्यांना कुणी सांगायच्या भानगडीत पडलं नाही.

फाटकावरचा एक नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाडी सोडायच्या आधी स्टेशनमास्तरचा गेटमनला फोन येतो. गेटमननं फाटक लावायचं आणि ते लागलं याची खात्री म्हणून एक दोन आकडी नंबर सांगायचा. नंबरांचा एक तक्ता असतो. सांगितलेल्या नंबरावर काट मारायची, तो पुन्हा चालत नाही. नंबर मिळाल्याशिवाय सिग्नल पडत नाही आणि सिग्नलशिवाय गाडी हलत नाही. अप्पांनी ही पद्धत घरात आणली. सुरुवातीला गंमत म्हणून आणली असेल, पण मला आठवतं तेव्हापासून ती होतीच. निघताना ते उंबऱ्यात थांबायचे आणि उजवा हात वर करायचे, पंजा मायकडं. माय मोरीत असो की चुलीपुढं, तिथूनच ओरडायची, "छत्तीस!" की अप्पा निघाले. माय शाळेत गेलेली नाही, पण शंभरापर्यंतचे आकडे तिला बराबर येतात आणि कालचा नंबर ती आज देत नाही. मी परीक्षेला निघालो की मला नंबर मिळायचा. लग्नानंतर संगीता पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा सासूबाईंनी डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ब्याण्णव." ती बिचारी जालन्यापर्यंत त्याचा अर्थ लावत बसली होती.

दोन वर्षांमागं, पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, अप्पांचं तोंड वाकडं झालं. डावा हात-पाय गेला, बोलणं जड झालं. शेजाऱ्यांची जीप आली, मी आणि संगीतानं धरून त्यांना आत बसवलं. माय दारात उभी होती. जीप सुरू झाली तसा अप्पांनी उजवा हात वर केला. मायचा जीव उडालेला. ती पुढं धावत आली आणि मला म्हणाली, "शाल घेतली का रे त्यांची?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. जीप हलली. जालना यायच्या आधीच अप्पा गेले. शाल घरीच राहिली होती.

दहाव्याला सगळे जेवत असताना माय मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांनी हात केल्ता माझ्याकडं. मी नंबरच दिला न्हाई."

मी म्हणालो, "माय, त्यांना काय कळत होतं तेव्हा? झटक्यानं हात उचलला गेला असेल."

"मला नको सांगू. चाळीस वर्षं झाले तो हात बघून राह्यले मी. नंबर मागितला त्यांनी, आन मी शालीचं विचारत बसले." मग पंगतीकडं वळता वळता म्हणाली, "नंबराशिवाय गाडी कशी जाईल?"

त्याच आठवड्यात झेंडीचं ते सुरू झालं. संध्याकाळची पॅसेंजर गेली की ती उठायची आणि दाराशी जाऊन शेपूट वर करून उभी राहायची. थोड्या वेळानं तिथून आत वळायची. ते चालणं साधं नव्हतं. कुणाच्या तरी पायात घोटाळत चालावं तशी ती चालायची, रिकाम्या जागेला अंग घासत, मध्येच डावीकडून उजवीकडं जात. खोलीच्या मधल्या खांबापाशी थांबायची, एक पाय उचललेला. अप्पा तिथंच थांबायचे, गुडघा दुखायचा म्हणून खांब धरून दम खायचे. तेवढाच वेळ ती थांबायची आणि मग अप्पांच्या बाजेपर्यंत जाऊन वर बघत बसायची. बसलेल्या माणसाचं तोंड जिथं असतं, बरोबर तिथं. मायला मोतीबिंदूमुळं धूसरच दिसतं, पण मांजर हललेलं कळतं. ती म्हणायची, "आले," आणि तांब्याभर पाणी बाजेपाशी नेऊन ठेवायची. सकाळी ते पाणी तुळशीला. हे रोज. मी वैतागायचो, संगीता मला गप्प करायची.

मी मायला समजावलं. गाडीचा आवाज आला की अप्पा येतात, हे इतक्या वर्षांत मांजराच्या डोक्यात पक्कं बसलंय. शरीराला सवय लागते, आम्ही हे नववीला शिकवतो. पुढं लाईनीचं काम निघालं आणि पॅसेंजर आठ दिवस बंद राहिली. आठही दिवस झेंडी जागची हलली नाही. मला कोण आनंद! म्हणालो, "बघ. गाडी नाही तर ती उठत पण नाही. नुसती सवय आहे." माय शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडी गेल्याबिगर ते फाटक सोडत्यात का कधी?" यावर नववीच्या पुस्तकात काही नाही.

एकदाच मी तिच्या वाटेत आलो. शाळेतून उशिरा परतलो होतो आणि दारात उभा राहून बूट काढत होतो. पॅसेंजर नुकतीच गेली होती. झेंडी आली, माझ्या पायाशी थांबली, पण माझ्याकडं बघेना. माझ्या खांद्याच्या जरा मागं, उजव्या बाजूला बघत राहिली, आणि एकदा म्यांव केलं, आपण वाट अडवल्यावर करते तसं. मागं रस्ता होता, रस्त्यावर कुणी नव्हतं. मी... बाजूला झालो. मला कुणी सांगितलं नव्हतं, पाय आपोआप सरकले. झेंडी वळली आणि खांबाकडं चालू लागली. हे मी संगीतालासुद्धा सांगितलं नाही, ती इथंच पहिल्यांदा वाचेल.

यंदा झेंडीचं खाणं सुटलं. पंधराएक वर्षांची मांजरी, म्हणजे म्हातारीच. गुरांच्या डॉक्टरांनी घरी येऊन पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले आणि म्हणाले, "किडन्या गेल्यात, सर. आता त्रासच आहे. म्हणाल तर उद्या संध्याकाळी येतो. एक इंजेक्शन देतो, शांत झोपेल." शेजारच्या शकुंतलाकाकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "घरात मरू देऊ नका बाई तिला, बाहेर नेऊन ठेवा. मांजर घरात जाणं चांगलं नसतं." त्यांना माय एवढंच म्हणाली, "तिचं घर हाये." पण डॉक्टरांचं ऐकल्यावर मात्र ती खचली. संगीतानं अप्पांची तीच शाल काढून पाटीत अंथरली आणि झेंडीला बाजेखाली ठेवलं. कापसाच्या बोळ्यानं तिच्या ओठांना पाणी लावत माय बसून राहिली.

मी म्हणालो, "माय, तिचे हाल बघवत नाहीत. डॉक्टरांना येऊ दे."

"येऊ दे," ती म्हणाली. मग माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता. "ही गेल्यावर ते आल्याचं मला कोन सांगल रे?"

दोन वर्षं मी जिला खुळी समजूत म्हणत होतो, तिच्यावरच ही बाई जगत होती आणि आता ती समजूत मांजराबरोबर चालली होती. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी संगीताच्या फोननंतर मी घरी पोचलो तेव्हा झेंडी चार पाय ताणून पडली होती. पोट तेवढं हलत होतं. डॉक्टर पॅसेंजरच्या सुमाराला येणार होते. आम्ही तिघं पाटीभोवती जमिनीवर बसलो. लांबून भोंगा ऐकू आला, मग रुळांचा आवाज, भांड्यांच्या मांडणीत नेहमीसारखी थरथर... आणि गाडी निघून गेली. दुपारपासून जिला मान उचलता येत नव्हती ती झेंडी मान उचलून दाराकडं बघू लागली. शालीवर तिची शेपूट जेमतेम दोन बोटं वर झाली. मग तिची नजर आत येऊ लागली. सावकाश, कुणीतरी चालत येतंय अशी. खांबापाशी थांबली. मी मनात मोजत होतो, अप्पा दम खायचे तेवढा वेळ. नजर पुन्हा हलली, पाटीवरून गेली आणि आमच्या डोक्यावर बाजेच्या कडेला येऊन थांबली. संगीतानं माझा दंड गच्च धरला. बाजेची सुंभाची वीण कुरकुरली, का मला तसं वाटलं, ते मी शपथेवर सांगू शकणार नाही.

मायनं पदर सारखा केला. झेंडीकडं न बघता, वर, बाजेकडं तोंड करून ती म्हणाली, "सत्तेचाळीस."

आवाज स्वच्छ होता, मोरीतून ओरडायची तसा. मग खाली वाकली, झेंडीच्या दोन कानांमध्ये बोट फिरवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आन तुला बासष्ट. जा माय, त्यांच्या मागं मागं जा. वाट त्यांना बराबर माहीत हाये."

झेंडीची नजर बाजेवरून निघाली आणि आली तशी परत दाराकडं गेली. खांबापाशी या वेळी थांबली नाही. उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच राहिली. पोट हलायचं कधी थांबलं ते आम्हा तिघांनाही कळलं नाही. डॉक्टर आले, चपला काढल्या, पाटीत पाहिलं आणि बॅग न उघडताच उभ्यानं हात जोडले. त्यांना मी चहा घ्या म्हणालो, ते म्हणाले, "आज राहू द्या, सर."

उजेड होता तोवरच आम्ही तिला शालीसकट कडुनिंबाखाली पुरलं, गुमटी होती त्या जागी. मायला मी हाताला धरून नेलं होतं. परतताना ती एकदाही अडखळली नाही. घराजवळ आल्यावर म्हणाली, "दोघं गेले. बराबर गेले." थोडं पुढं गेल्यावर थांबली. "माझ्या टायमाला नंबर तू द्यायचा. म्या हात केला की झट्‌दिशी द्यायचा. शालीचं-बिलीचं विचारत बसू नको."

मी हो म्हणालो.

तेव्हापासून बाजेपाशी तांब्या ठेवला जात नाही. पॅसेंजर येते, मांडणी थरथरते, गाडी जाते. दार उघडंच असतं, पण त्याच्याकडं कुणी बघत नाही. सकाळी मी शाळेला निघतो तेव्हा माय मला नेहमीसारखा नंबर देते. माझं मात्र एक विचित्र झालंय. वर्गात मी अणुअंक म्हणून घेतो, हजेरी घेतो, पण घरात मायच्या कानांवर पडेल असा दोन आकडी आकडा माझ्या तोंडातून निघत नाही. संगीतानं विचारलं की गॅस आणून किती दिवस झाले, तर मी बोटांनी दाखवतो. किती अंश तापमान आहे, तर म्हणतो, लई आहे. विज्ञानाचा मास्तर!

परवा संध्याकाळी माय अप्पांच्या बाजेवर बसली होती. पॅसेंजर नुकतीच गेली होती. "किती वाजले रे?" तिनं विचारलं. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. मी म्हणालो, "सहा होऊन गेले."

"वर किती?"

मी हातातली वही उलटीसुलटी केली. माय माझ्या दिशेनं बघत होती, त्या धूसर डोळ्यांनी तिला माझं तोंड दिसत असेल असं वाटत नाही. मग ती हसली आणि पाय वर घेऊन बाजेवर नीट बसली.

"नको सांगू," ती म्हणाली. "बसते अजून थोडी."