सदतीस जिवंतांचा निरोप

क्युबातल्या आमच्या कामाहुआनी गावात माणूस गेला, की चोवीस तासांच्या आत त्याला दफनभूमीत पोचवतात. खड्ड्याशी उभं राहून त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचं काम आमच्या गल्लीत तीस वर्षं बाउडिलिओ कार्मेनाते करत आला. साखर कारखान्यात उसाचं वजन करण्यात त्याचा जन्म गेला, पण आवाज असा, की ऐकून मयतालाही आपण बरे होतो असं वाटावं.

एकदा घात झाला. घाईत शब्द सुचेनात, आणि त्याने मयताऐवजी समोर उभ्या असलेल्या भावालाच नाव घेऊन स्वर्गात धाडलं. भाऊ हयात होता आणि तापटही होता. तेव्हापासून बाउडिलिओने तयारी आधीच करायची असं ठरवलं. मुलाने मायामीहून पाठवलेल्या जुन्या लॅपटॉपसमोर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तो बसे, गल्लीतल्या एखाद्या ठणठणीत शेजाऱ्याचं शोकभाषण म्हणे आणि कॅमेरा ते टिपून घेई. नऊ वर्षांत असे सदतीस जण त्याने हातावेगळे केले. हे बाहेर फुटलं, तर गल्लीत आपल्याशी पुन्हा कोणी बोलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये लॅपटॉपने अंग टाकलं. अर्धा पडदा निळा पडला, पंखा कॉफीच्या भांड्यासारखा फुरफुरू लागला. बायको मिग्दालिया बहिणीकडे गेलेली पाहून बाउडिलिओने फ्रीजमधली गोठलेल्या घेवड्याची पिशवी लॅपटॉपखाली सरकवली आणि तिच्या मालिकांच्या हार्ड डिस्कवर एकेक भाषण उतरवायला घेतलं. फोल्डरला नाव दिलं ‘शेवटचा निरोप’ आणि प्रत्येक भाषणाला त्या माणसाच्या घराचा नंबर. सहा तासांनी सदतिसावं भाषण पलीकडे गेलं आणि लॅपटॉपने प्राण सोडला. त्याच्यासाठी मात्र भाषण तयार नव्हतं.

आता ही डिस्क दर मंगळवारी योसबेलकडे जाते. आमच्याकडे नेटचा भरवसा नाही, त्यामुळे आठवड्याच्या मालिका, सिनेमे, गाणी सगळं योसबेल डिस्कवर भरून घरोघर देतो. मिग्दालियाने नेहमीसारखी डिस्क नेऊन दिली. योसबेलला त्यात एक अनोळखी मालिका दिसली. नाव ‘शेवटचा निरोप’, भाग सदतीस. उघडून बघायला त्याला वेळ कुठला? तुर्कीच असणार असं धरून त्याने ती सगळ्यांच्या डिस्कवर भरली.

गुरुवारी सकाळी पावाच्या रांगेत लुदिविना कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“बाउडिलिओ, मी चौदाव्या भागात मेले. कशाने मेले, ते काही तू सांगितलं नाहीस.”

बाउडिलिओच्या हातातला पाव खाली पडला. रांगेतले सगळे त्याच्याकडेच बघत होते, आणि त्यातल्या एकूण एकाला त्याने पुरलेलं होतं.

तो तसाच योसबेलकडे धावला. ऐकून योसबेलही पांढराफटक पडला. साठ घरं आणि शेजारची दोन गावं, एवढ्यांना माल पोचला होता. परत घेणं अशक्य.

“पण कोम्पाय, मित्रा,” योसबेल चाचरत म्हणाला, “लोक पुढचे भाग मागतायत.”

बाउडिलिओने घरी येऊन दार लावून घेतलं. लोक आले खरे, पण भांडायला कोणी आलं नाही, याचा त्याला दुसरा धक्का बसला. न्हावी एलेउतेरिओची तक्रार होती, की आपल्याला चार मिनिटं आणि समोरच्या थापाड्याला सहा. कुणाला भाषणातला हर्निया काढून हवा होता. लुदिविनाने आपलं भाषण तीनदा पाहिलं होतं. एवढं चांगलं आपल्याबद्दल जिवंतपणी कुणी बोललं नाही, म्हणाली आणि डोळे पुसत गेली. मिग्दालिया तेवढी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

आला नाही तो फक्त ओविदिओ. बावीस नंबरचा, चाळीस वर्षं डोमिनोच्या खेळातला त्याचा जोडीदार. चार दिवस फाटकाशी टेबल मांडलेलं राहिलं आणि समोरची खुर्ची रिकामी. पाचव्या दिवशी तो पायरीशी येऊन उभा राहिला.

“सगळी गल्ली पुरलीस,” तो म्हणाला. “सव्वीस नंबरचा तो उपटसुंभ तुला रामराम करत नाही, त्यालाही पाच मिनिटं. बावीस नंबर कुठाय?”

“नाहीये.”

“मी तुझं काय वाकडं केलं होतं?”

बाउडिलिओने खालीच बघत सांगितलं. अकरा वेळा बसलो होतो. सदरा घातला, कॅमेरा लावला, ‘ओविदिओ’ एवढं म्हटलं आणि पुढे आवाजच फुटेना. अकराच्या अकरा पुसून टाकली.

ओविदिओ मटकन पायरीवर बसला.

“मग आता?” त्याने विचारलं.

“तू माझ्याआधी जायचं नाहीस. माझ्याने होणार नाही ते.”

ओविदिओने मान डोलावली. मग त्याने खिसे चाचपले, सिगारेटचं रिकामं पाकीट काढून उलगडलं आणि कानामागची पेन्सिल हातात घेतली.

“म्हणजे तुझ्या खड्ड्याशी बोलायचं मला,” तो म्हणाला. “आणि मला धड बोलता येत नाही. सांग, तुझ्याबद्दल काय काय म्हणू?”