पुष्पाचा ब्लॉग कोणीच का वाचला नाही

मैत्रिणींनो, शाळेत भित्तिपत्रकासाठी लिहिलेलं आधी शिकवणाऱ्या सिस्टरांच्या टेबलावर ठेवायचो. त्यांची सही झाली की मगच ते भिंतीवर लागायचं. आठवतं ना?

आज सकाळी सिंदी मेघेला आपल्या पुष्पाकडे गेले होते. तिने नुकताच ब्लॉग सुरू केलाय. चेहरा उतरलेला.

"मले वाटते, आता बंदच करावं. एकीनंही वाचलं नाई."

मोबाईल पाहिला. सगळे लेख ड्राफ्टमध्येच! प्रकाशित करायचं बटण तिने कधी दाबलंच नव्हतं.

"काऊन नाई दाबलं वं?" मी विचारलं.

"आधी कोणी तपासून पास करत असन ना?"

"अवं, इथं सिस्टर नाई बसली! तूच लिहायचं, तूच लावायचं."

मग तिने डोळे मिटून बटण दाबलं. कापूसवेचणीच्या शिदोरीवरचा लेख आहे, फार गोड.

या वयातही आपण कुणाच्या परवानगीसाठी थांबतो?

नवशिक्यांसाठीचे काही सोपे मराठी व्हिडिओ मी जमवलेत. ब्लॉगचं खातं उघडायचा बोरगावच्या कुंदाला पाठवते, मराठी टायपिंगचा शैलाला. पुष्पाची लिंक मात्र सगळ्यांना. वाचून लेखाखाली दोन ओळी तिलाच लिहा, मला फोन करून सांगू नका.