माप कुणाचं, मूर्ती कुणाची

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. माझा मामेभाऊ सुट्टीत मद्रासहून कुंभकोणमला आला तो एक इंग्रजी पुस्तक घेऊनच, आणि त्या सुट्टीत आमचं खाण्यापिण्यावरचं लक्षच उडालं. पुस्तक कसलं, झेरॉक्सची झेरॉक्स! अमेरिकेतल्या एका कंपनीचा खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. दार फोडायचं की पळ काढायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं आणि ते जमलं की फसलं हे फाशांवर सोडायचं. इतकं सोपं आणि इतकं वेड लावणारं काही मी तोवर पाहिलं नव्हतं.

वीस बाजूंचे फासे आमच्या गावात कुठून मिळणार? आम्ही दायम् या आमच्याकडच्या पटावरच्या खेळाचे पितळेचे दोन लांब फासे घेतले. पुस्तकातले बर्फाचे डोंगरही आम्हाला परके होते. गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे असल्याने मी सरळ कावेरी पाताळात गडप केली. तिला शोधायला एक मूर्तिकार, एक विणकर आणि एक विड्याच्या पानांचा मळेवाला असे तिघे निघाले. दोन वर्षांत पाच वह्या भरल्या. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेली मराठी आमची घरात बोलायची, खेळणारे सगळे गल्लीतले, म्हणून लिहिलं ते तमिळमध्ये. हळूहळू आसपासच्या गावांतून वह्यांना मागणी येऊ लागली, तेव्हा ठरलं की पुस्तक छापायचं. माझं पुस्तक! माझे पाय जमिनीवर नव्हते.

मामेभाऊ म्हणाला की खेळ कंपनीचा आहे, आधी विचारायला हवं. आमच्या घरात शुभकार्याचं पहिलं आमंत्रण थोरामोठ्यांना जातं. त्याच रीतीने आम्ही विनंतीपत्र लिहिलं, चारही कोपऱ्यांना हळद लावली, पाचही वह्यांची झेरॉक्स जोडली आणि सगळं विमानटपालाने अमेरिकेला धाडलं. कुणी न मागता आपली सगळी कमाई त्यांच्या हातात ठेवतोय, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

चार महिन्यांनी उत्तर आलं, जाडजूड कागदावर. कंपनीच्या खेळावर आधारलेलं जे काही असेल ते कंपनीचं. परवानगीशिवाय छापू नये, वाटू नये. पाठवलेले कागद परत मिळणार नाहीत. ज्यांना त्या वह्यांतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं ते माझ्या कावेरीला आपली म्हणत होते! माझं डोकं असं फिरलं की आईने त्या दिवशी मला भांड्यांना हात लावू दिला नाही. पुन्हा सुट्टीला आलेल्या मामेभावाने पत्र तीनदा वाचलं आणि हळूच विचारलं, "मग अपलं काय उरलं गे?"

मी पत्र त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि पाचव्या वहीत खुपसलं.

त्याच आठवड्यात आईने मला जवळच्या स्वामीमलैला, ओतीव मूर्तींच्या गावी पिटाळलं. देवघरासाठी विठोबाची मूर्ती सांगितली होती, ती कुठवर आली ते पाहायला. मूर्ती घडवणारे म्हातारे स्थपती ओटीवर बसून नारळाच्या पातीची पट्टी कापत होते. पट्टी मूर्तीच्या उंचीएवढी. तिच्या घड्या घालत त्यांनी चेहरा केवढा, छाती केवढी, गुडघा कुठे ते ठरवलं आणि ज्यावरून मूर्ती ओतायची त्या मेणावर खुणा केल्या. पलीकडच्या कारखान्यातही अशाच घड्या चालल्या होत्या. माझ्या डोक्यात ते पत्र घोळतच होतं. मी विचारलं, हे माप वापरायची परवानगी तुम्ही कुणाकडून घेतली?

ते हसले. "माप कुणाचंच नसतं, अम्मा. मूर्ती मात्र ज्याची त्याची. माझ्या मूर्तीवरून कुणी साचा उचलला तर मी त्याला सोडणार नाही."

मी विठोबाबद्दल विचारायचंच विसरले आणि धावत बस पकडली. फासे टाकून ठरवायचं, पाळीपाळीने खेळायचं, ही तर मापं! त्यांचे शब्द, त्यांची चित्रं, त्यांचे राक्षस ही त्यांची मूर्ती. घरी येऊन मी आणि मामेभावाने लाल पेन्सिल घेतली आणि पुस्तकातून उचललेलं जे जे होतं त्यावर काट मारली. पाच वह्या संपल्या तेव्हा जेमतेम अकरा पानं गेली होती. अकरा! आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो. नियम नव्याने, आमच्या शब्दांत लिहिले. मामाच्या ओळखीच्या वकिलांनी चाळून हरकत नाही म्हटलं आणि पुस्तक सायक्लोस्टाइल झालं. पहिल्याच पानावर मी ठसठशीत लिहिलं, की हे कुणीही उतरवावं, बदलावं, छापावं. फक्त बदललेलंही दुसऱ्यांना असंच मोकळं द्यावं. त्या औदार्यावर मी स्वतःच बेहद्द खूश होते.

वर्षभराने तिरुभुवनम्‌हून फिरत फिरत एक वही माझ्या हाती आली. आमचाच खेळ, पण माझा लाडका मूर्तिकार तिसऱ्या पानावर मेलेला. पुढारी कोण, तर विणकर. आणि फासे गायब! मी तणतणत मैलाडुतुरैची बस धरली आणि वाटेत तिरुभुवनम्‌ला उतरले. वही लिहिणारी एका विणकराची मुलगी होती, मागावर बसलेली. मी उभ्या उभ्या सुनावलं, "ही कावेरी माझी आहे. मला विचारल्याशिवाय यातलं काही वाटायचं नाही."

बोलले आणि माझे कान तापले. हे वाक्य मी जाडजूड कागदावर वाचलेलं होतं.

तिने माग थांबवला. "अक्का, तुमच्या पुस्तकात विणकर सगळीकडे नुसता दोर धरून उभा राहतो," ती म्हणाली. "मी दिवसभर इथे काय करते ते तुम्ही पाहिलंय का?"

पाहिलं नव्हतं. म्हणून बसले. तिच्या खेळात पिशवीत हात घालून न बघता रेशमाचा धागा ओढायचा, आणि रंग निघेल तशी गोष्ट वळायची. निघालेले धागे क्रमाने बांधत जायचे, म्हणजे कोण कुठल्या वाटेने आलं ते शेवटी हातात राहायचं. मला हे दोन वर्षांत सुचलं नव्हतं! दुपारपर्यंत मी दोनदा मेले आणि तिसऱ्यांदा खेळायचा हट्ट धरला.

निघताना मी तिची वही चार दिवसांसाठी मागितली. तिने ती छातीशी धरली आणि विचारलं, तपासायला का?

उतरवून घ्यायला, मी म्हटलं.