देठाखालची तांबडी माती

आवडाबाईनं जन्मभर काळ्या रानात खुरपं चालवलं, आणि साठीला टेकल्यावर तिच्या वाट्याला बिनमातीची शेती आली. पुतण्या विश्वजीतनं हर्सूलच्या पुढं पॉलिहाऊस उभं केलं. कंबरेइतक्या उंच पन्हाळ्या, त्यांत नारळाचा भुसा, बारीक नळीतून थेंब थेंब खताचं पाणी, आणि वर स्ट्रॉबेरी. आई वारली तेव्हा विश्वजीत चार वर्षांचा होता. आवडाबाईनंच त्याला वाढवलं. तिचा तो इसू.

ऑक्टोबरात ऊन तापलं आणि लाइट दोन दिवस गेली. पंखे बंद, रोपांनी माना टाकल्या. आवडाबाईनं चहूकडून ओली पोती बांधली, सुकली की पुन्हा भिजवली. मग हात जोडले. "हरसिद्धीमाते, जगव ही लेकरं. पहिलं फळ तुझं. तवर मी चाखायची नाय."

"मी बी नाय," विश्वजीत रडवेला होऊन म्हणाला. "पहिलं फळ देवीचंच, काकू."

रोपं तगली. डिसेंबरात फळांवर लाली चढली, आणि नेमकं तेव्हाच तिला लेकीच्या बाळंतपणाला पैठणला जावं लागलं. परतली तर विश्वजीतनं डबा पुढं केला. "घे, पहिला तोडा. तुझ्यासाठीच ठेवला बघ."

शुक्रवारी ती धुवट लुगडं नेसून देवळात गेली. नळावर फळं धुताना बोटाला कचकच लागली. हिरव्या देठाखाली माती होती. तांबडी. इथलं रान काळं, आणि त्यांची झाडं तर भुईला शिवलेलीसुद्धा नव्हती.

"आणा की, निवद," पुजारी मोतीराम म्हणाले.

"अजून पिकलं नाय, बाबा."

डबा झाकून ती तशीच माघारी आली.

तिनं देठाखालची माती दाखवली, तेव्हा विश्वजीत आधी हसला. मग म्हणाला, "हॉटेलवाल्याला पहिलाच माल पायजे व्हता, थांबना त्यो, आपला दिला त्याला. शहागंजाच्या बाजारातनं महाबळेश्वरची आणली, चांगली निवडून. देवीला काय कळतंय, मातीतली का भुशातली?"

"आन् माझ्या हातनं वाहायला लावत व्हतास, इसू?"



दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. रोपांनी तिचं काय वाकडं केलं होतं? पिवळी पानं खुडली, नळ्या तपासल्या. दुपारी विश्वजीत ओंजळभर फळं घेऊन आला. "काकू, एक तरी खा. लई गोड हायेत."

"राहू द्या, मालक," आवडाबाई म्हणाली. "पहिलं फळ आता कुठून आणू?"